चौथा सड

चीनमधल्या अकरावी-बारावीच्या पोरांना मी इंग्रजी शिकवते. शिकवते म्हणजे काय, त्यांनी मला पाहिलेलं नाही, मी त्यांना पाहिलेलं नाही, आणि पुढेही कुणी कुणाला पाहणार नाही. कसबा बावड्यात, आबांच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत बसून मी त्यांच्यासाठी उतारे लिहिते. उताऱ्याखाली प्रश्न, प्रश्नाखाली चार पर्याय, त्यातला एक बरोबर. जोडीला गाळलेल्या जागा, शब्दार्थ, काळ बदला. पुण्यातली एक कंपनी हे माझ्याकडून घेते आणि तिकडच्या दुसऱ्या कंपनीला देते. गल्लीत मला 'चीनची मास्तरीण' म्हणतात. भाजी घेताना कुणीतरी हमखास विचारतं, 'काय मास्तरीणबाई, चिन्यांचं व्याकरण आलं काय वळणावर?' मी हसते. हसले नाही तर लोकांना कळेल की मला लागतं.

आणि लागतंच. मला इथलीच पोरं शिकवायची होती. एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर मी इतकी वर्षं घासली की माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आपल्या पोरांना घेऊन प्रवेशाला यायला लागली. 'पुढच्या वर्षी कायम करू, मॅडम' हे वाक्य मी दर जूनमध्ये ऐकलं. मग जागा निघाली, आणि ती संस्थेच्या पाहुण्यांतल्या एका मुलाला मिळाली. त्याला स्वतःचा अर्जसुद्धा धड इंग्रजीत लिहिता येत नव्हता. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. माझं इंग्रजी कोल्हापुरात विकलं गेलं नाही, ते चीनला गेलं.

कंपनीचे नियम ठरलेले आहेत. उताऱ्यात देव नको, मरण नको, भांडण नको, गरिबी नको. माणसांची नावं गोरी हवीत. शब्द त्यांच्या यादीतलेच हवेत, यादीबाहेरचा शब्द आला की तो लाल होऊन परत येतो. सुरुवातीला मी एका उताऱ्यात झुणका-भाकर घातली होती. छापून आला तेव्हा त्याचं सँडविच झालं होतं. मी ते सोडून दिलं. सँडविचसाठी कोण भांडत बसणार?

आबांच्या उताऱ्यासाठी मात्र मी भांडले.

आबा म्हणजे माझे वडील. मी एकुलती एक, नवरा कागलच्या एमआयडीसीत, त्यामुळे लग्नानंतरही आम्ही आबांच्या शेजारीच राहिलो. आबांनी आयुष्यभर म्हशी पाळल्या आणि रोज संध्याकाळी म्हैस चालवत शहरातल्या दूध कट्ट्यावर नेली. कोल्हापूरच्या माणसाला कट्टा सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगते. तिथं म्हैस तुमच्यासमोर उभी असते, धार थेट तुमच्या गिलासात पडते, आणि फेस मिशीला लावून तुम्ही ते दूध तिथंच उभ्यानं पिता. पाणी घालायला जागा नाही, खोटं बोलायला जागा नाही. निदान दुधाबद्दल तरी.

आबांची एक रीत होती. म्हशीच्या कासेला चार सड. तीन सडांचं दूध माणसांचं, चौथा सड रेडकाचा. गिऱ्हाईक कितीही असो, चौथ्या सडाला ते हात लावायचे नाहीत. रांगेतला एखादा नवखा म्हणायचा, 'आबा, अजून एक गिलास निघंल की.' आबा उठून हात पुसायचे आणि म्हणायचे, 'निघंल की. पर ते माझं न्हवं, त्येचं हाय.' मग घरी आणून रेडकू सोडायचे. हे मी लहानपणापासून बघत आले.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या म्हशीचं रेडकू हगवणीनं गेलं. रेडा होता. डॉक्टर येऊन गेले, सलाईन लावून झालं, आबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन गोठ्यात बसले, पण ते गेलंच. चार दिवसांनी म्हैस कट्ट्यावर गेली तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांतला एक जण, रोज दोन गिलास पिणारा, सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, 'रेडकू उपाशी मारलंस न्हवं? रेडाच हुता, कशाला पोसशील!'

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण ते चिकटलं, कारण अशा गोष्टी होतात. रेड्याला दूध कोण पाजतो? बऱ्याच गोठ्यांत रेडा असाच मरतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. लोकांना वाटलं, हाही त्यातलाच. आबांनी उलटं बोलायला हवं होतं. कोल्हापूरचा माणूस, रस्त्यात पायावर पाय पडला तरी शिवी देणारा, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. रेडकू गेल्यावरही चौथ्या सडाचं दूध त्यांनी विकलं नव्हतं. शेजारच्या गोठ्यातल्या आईवेगळ्या रेडकाला ते बाटलीनं पाजत होते. ते तरी सांगायचं! नाही सांगितलं. हळूहळू त्यांनी कट्ट्यावर जाणंच सोडलं. दूध डेअरीला जायला लागलं. डेअरीत फॅट बघतात, माणूस बघत नाहीत.

मला त्या गिऱ्हाइकाचा राग होता, आणि खरं सांगायचं तर आबांच्या गप्प बसण्याचा त्याहून जास्त.

अशात कंपनीकडून विषय आला: एका वयस्क माणसाचं काम आणि त्याची एक चांगली सवय. मी एका दुपारी बसून आबांना लिहिलं. म्हैस, कट्टा, रांग, फेस, आणि शेवटी, म्हातारा दूध शिल्लक असताना थांबतो कारण चौथा सड रेडकाचा. खाली प्रश्न घातला: 'म्हातारा दूध संपायच्या आधी का थांबला?' पर्याय चार. तो दमला होता. पाऊस आला. ते दूध रेडकाचं होतं. गिऱ्हाईक संपलं. बरोबर उत्तर तिसरं.

आबांना मराठीत वाचून दाखवलं. ते वैरण तोडत होते. विळा खाली ठेवून त्यांनी पूर्ण ऐकलं.

'ते घाटलंस न्हवं, चौथ्या सडाचं?'

'तेच तर शेवटी आहे, आबा.'

'पुन्यांदा वाच.'

पुन्हा वाचलं. मग म्हणाले, 'आन् हे चीनची पोरं वाचणार? परीक्षेला?'

'हो. त्यावर प्रश्नच आहे.'

'मग झालं,' ते म्हणाले आणि पुन्हा वैरणीला लागले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली, धुतलेली टोपी घातली आणि म्हैस न घेता कट्ट्यावर गेले. तिथं त्या गिऱ्हाइकाला गाठून म्हणाले, 'मी रेडकू मारलं का पोसलं, ते आता चीनच्या पोरास्नी इचार. त्येंच्या पुस्तकात आलंय.' गिऱ्हाईक दोन गिलास पिऊन तयारच होता. म्हणाला, 'आलंय तर दाव की, पावणं!' पावणं म्हणाला. जन्मभर ज्याच्या हातचं दूध प्यायला, त्याला अनोळखी माणसासारखं पावणं म्हणाला.

त्या दिवसापासून आबा रोज विचारायचे, 'छापून आलं काय?'

आलं. छापायची पानं कंपनीनं ईमेलनं पाठवली. पहिल्या पानावर रंगीत चित्र होतं: हॅट घातलेला एक गोरा आजोबा, मागं हिरवी टेकडी आणि ठिपक्याठिपक्यांची गाय. म्हशीची गाय झाली होती, कारण म्हैस यादीत नव्हती. ज्या देशात भातखाचरांतून म्हशी चालतात तिथल्या पोरांना म्हैस कळणार नाही, असं पुण्यात ठरलं होतं. कट्ट्याचं शेतातलं फाटक झालं होतं. इथवर मी दात ओठ खाऊन वाचलं. मग शेवटी आले आणि बघते तर चौथ्या सडाचं वाक्यच नव्हतं. सड हा शब्दही यादीत नव्हता, म्हणून वाक्य काढलं होतं. प्रश्न तसाच होता, पर्यायही तसेच. बरोबर उत्तर मात्र पहिलं झालं होतं. म्हातारा का थांबला? तो दमला होता.

मी पुण्याला फोन लावला. संपादक पंचविशीतला, बोलायला गोड.

'मॅडम, शब्दमर्यादेतही बसत नव्हतं. आणि आजोबा वयस्कर आहेत, दमणं लॉजिकल आहे ना?'

'अहो, ते दमलेले नव्हते. तो सगळा उतारा त्या एका वाक्यासाठी लिहिलाय. यादीतले शब्द वापरून तेच वाक्य मी लिहून देते, आत्ता, फोनवर.'

'आता फाइल पुढे गेली, मॅडम. पण उतारा खूप आवडला हं सगळ्यांना. खूप वॉर्म आहे.'

वॉर्म! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, हे मला ठाऊक होतं. पण खाऊन झाल्यावर पीठ छान होतं म्हणून सांगणारं कुत्रं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी वाटेल ते बोलले. तो 'बरोबर आहे मॅडम, बरोबर आहे' म्हणत राहिला, आणि शेवटी त्यानं पुढच्या आठवड्याचे विषय सांगितले.

संध्याकाळी आबांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. गोड खोटं मला जमत नाही, आणि ते पान घेऊन ते कट्ट्यावर गेले असते तर आणखी शोभा झाली असती. चित्र दाखवलं. त्यांनी मोबाइल लांब धरून बराच वेळ बघितलं.

'ह्यो मी?'

'तुमच्यावरून केलेला.'

'गाय हाय ही. असू दे. गाय तर गाय.' मग म्हणाले, 'आन् चौथा सड?'

'काढला, आबा.'

'मग मी का थांबलो म्हणून लिवलंय?'

'दमलात म्हणून.'

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. मला वाटलं, शिव्या देतील. मी तर वाटच बघत होते. ते एवढंच म्हणाले, 'दमलो न्हवतो की गं मी.' मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

त्यानंतर त्यांनी छापील पानाचं नाव काढलं नाही. कट्ट्याचंही नाही. दरम्यान म्हैस पुन्हा व्याली होती, पुन्हा रेडाच झाला होता, आणि हा चांगला टगा होता. आबा त्याला मोप पाजायचे. बघायला कुणी नव्हतं.

मग परीक्षा झाल्यावर एका दुपारी पुण्याचा फोन आला. तोच संपादक, पण आवाज जरा अडचणीतला. 'मॅडम, तुमच्या त्या दूधवाल्या उताऱ्यात एक प्रॉब्लेम आहे. तिकडच्या बऱ्याच मुलांनी एकाच प्रश्नाचं उत्तर चुकवलंय. तिसरा पर्याय निवडलाय. बछड्याचा. मजकुरात तसं काहीच नाही, तरी.'

मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले.

'आमच्या मते पर्याय दिशाभूल करतोय. पुढच्या छपाईसाठी तो काढून दुसरा द्याल का? सोपाच हवाय.'

फोन ठेवून मी धावतच गोठ्यात गेले. आबा शेणाची पाटी साफ करत होते. मी त्यांना सांगितलं, की चीनच्या पोरांनी रेडकू म्हणून खूण केलीय. वाक्य नव्हतं, चौथा सड नव्हता, म्हैससुद्धा नव्हती, तरी त्यांनी ओळखलं.

आबांच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी मी हसू बघितलं. 'त्येंच्या घरला जनावरं असत्याल,' ते म्हणाले. 'दावणीला जनावर असल्याबिगर न्हाय कळायचं हे.' पाटी तशीच हातात धरून त्यांनी विचारलं, 'मग बरोबर धरलं न्हवं त्यास्नी?'

'नाही, आबा. चूक धरलं. मार्क गेले त्यांचे.'

हसू गेलं. रेडकू त्यांच्या धोतराला हुंगत होतं. त्याच्या पाठीवर हात फिरवत ते म्हणाले, 'मग ती बी माझ्यावानीच, खरं असून खोटी ठरली. त्या पोरास्नी बी आन हितं उंबऱ्यावर. बसू दे माझ्या शेजारी.'

मी खोलीत आले. काम सोडून द्यावं असं मनात आलं, नाही असं नाही. पण सोडायला दुसरं काम हाताशी लागतं, आणि ते नव्हतं. मी तिसऱ्या पर्यायातून रेडकू काढलं आणि तिथं लिहिलं: बादली भरली होती. फाइल पाठवली. लगेच उत्तर आलं: 'परफेक्ट, मॅडम. आता कुणी चुकणार नाही.'

बाहेर आबा धार काढायला बसले होते. तीन सड झाले, ते उठले, हात पुसले आणि रेडकाचं दावं सोडलं.