बिडाच्या शेगडीचा धूर

देवळाली कॅम्पातल्या विमलाबाईंना एकाहत्तराव्या वर्षी दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे तोंडातले सगळे दात आणि दुसरी स्वयंपाकघरातली बिडाची शेगडी. दातांबद्दल त्या फारसं बोलत नसत. शेगडीबद्दल मात्र विचारणाऱ्याला बसवूनच घेत.

चांगली कमरेएवढी उंच, खाली राखेचं दार, मागून छपराबाहेर गेलेलं पत्र्याचं धुराडं, अशी ती शेगडी. त्यांचे यजमान सावळीराम एका लष्करी साहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. साहेबांची बदली झाली तेव्हा बाईसाहेबांनी ती देऊन टाकली आणि चौघांनी हातगाडीवरून घरी आणली. घोटीकडच्या विमलाबाई तेव्हा नव्या नवरी. मातीच्या चुलीची सवय. पहिल्याच दिवशी त्यांनी शेगडीत जोरदार फुंकर मारली आणि सगळी राख सासूबाईंच्या धुतलेल्या लुगड्यावर. सावळीराम हसू दाबत म्हणाले, "हिला फुंकायचं नसतं, हवा द्यायची असते."

ती हवा शिकायला वर्ष लागलं. पेटवताना खालचं दार सताड उघडं आणि धुराड्यातली झडप उभी. कोळसे लाल झाले की दार दोन बोटांवर. भात मुरायला ठेवला की झडप किंचित तिरकी. दर शनिवारी धुराडं उतरवायचं, बांबूला काथ्या बांधून काजळी झाडायची, सांधे राख-मातीने लिंपायचे. पुढे गॅस आला, सावळीराम गेले, पण शनिवार चुकला नाही.

आणि अशी शेगडी या हिवाळ्यात धुरकटायला लागली.

दिवाळीत मुलाने, शेखरने, स्वयंपाकघर नवं करून घेतलं होतं. चकचकीत टाइल्स, घट्ट बसणाऱ्या काचेच्या खिडक्या, भिंतीत दिवसभर फिरणारा मोठा एक्झॉस्ट पंखा. त्यानंतर थंडी पडली, खिडक्या बंद झाल्या, आणि शेगडी पेटली की धूर वर जायचं सोडून खोलीत यायला लागला. सुनेचे, अंजलीचे, डोळे लाल. नात वेदिका कॉलेजात गेली की मैत्रिणी विचारत, "सकाळी सकाळी भरीत खाऊन आलीस का गं?"

शेखर म्हणाला, "आई, बंद घरात कोळशाचा धूर म्हणजे जिवाशी खेळ आहे. रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. तोवर धूर थांबला तर शेगडी राहील."

"आणि नाय थांबला तर?"

"तर गॅसवर भात कर."

"तो तूच खा," विमलाबाई म्हणाल्या. पण त्या रात्री त्यांना भात गेला नाही.

आठवडाभर त्यांनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. सांधे दोनदा लिंपले. झडप काढून घासली. कोळसा निवडून घेतला, जसे काही तांदूळच. रोज सकाळी शेगडी पेटवायची, आणि रोज सगळे खोकत अंगणात.

रविवारी सकाळी शेगडी अजून थंड होती. कोपऱ्यातल्या देवांपुढे उदबत्ती लावताना विमलाबाईंना दिसलं की तिचा धूर सरळ वर न जाता पंख्याकडे पळतोय. त्यांनी उदबत्ती उचलली आणि शेगडीच्या तोंडाशी धरली. धूर आत जाईना. आतूनच वारा आल्यासारखा त्यांच्या नाकावर आला.

"वेदिका, पंखा बंद कर गं."

पंखा थांबला. धूर जागेवर घोटाळला.

"आता खिडकी उघड."

खिडकी सरकली आणि धूर वळून, शेपूट हलवत शेगडीत शिरला.

"परत," वेदिका म्हणाली. पंखा चालू, खिडकी बंद, धूर नाकावर. पंखा बंद, खिडकी उघडी, धूर आत. पाचव्या वेळी दोघींना इतकं हसू आलं की विमलाबाई फरशीवरच बसल्या. पंखा घरातली हवा बाहेर फेकत होता. आत यायला दुसरी वाट नव्हती, म्हणून हवा बिचारी धुराड्यातून उतरत होती, येताना धूर घेऊन.

आवाजाने शेखर उठून आला. आई आणि मुलगी थंड शेगडीपुढे, उदबत्ती घेऊन, डोळे पुसत.

"आई, शेगडीची पूजा करतेस?"

"मग? तू विसर्जन ठरवलंयस ना."

त्यालाही पाच वेळा दाखवावं लागलं. त्याचं समाधान होईना. मग पंखा बंद आणि खिडकी उघडी ठेवून शेगडी पेटवली. झडप उभी, दार सताड. एकदा थोडा धूर भुरभुरला आणि नंतर धुराड्याला अशी ओढ लागली की पत्रा थरथरला. खोलीत नावाला धूर नव्हता. इतक्यात दाराशी भंगारवाला हाक मारू लागला. शेखरच बाहेर गेला. "माफ करा, द्यायची नाहीये," असं त्याने सांगितलेलं आत सगळ्यांना ऐकू आलं. अंजलीने भंगारवाल्याला शेगडीवरचाच चहा नेऊन दिला.

दुपारी चौघं तिथेच जेवायला बसली. स्वेटर, शाली, शेखरच्या डोक्याला माकडटोपी. पुढून शेगडीची ऊब आणि पाठीमागून नाशिकच्या जानेवारीचा वारा. वेदिकाला हसता हसता ठसका लागला, आणि तो धुराचा नव्हता.

"आई, चार बोटं खिडकी पुरेल ना?" शेखरने दात वाजवत विचारलं.

विमलाबाईंनी झडप पाहिली, ज्वाळ पाहिली, भाताचं झाकण जरा सारलं.

"अजून एक बोट उघड," त्या म्हणाल्या.

शेखरने अंजलीची शाल ओढून पांघरली आणि खिडकी आणखी एक बोट सरकवली.