बाई आधी पाणी मागायच्या

आमच्या वाडीत कुठल्याही घरात शिरल्या की बाई सगळ्यात आधी पाणी मागायच्या. पिशवी खाली ठेवायची, पदराने मानेवरचा घाम पुसायचा आणि म्हणायचं, "आधी पाणी दे गं, मग तुझं काय दुखतंय ते सांग." तांब्या उंच धरून त्या घटाघटा पीत. चढ मोठा होता हे खरं, पण तहान हे एकच कारण नव्हतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्यांच्या आधीच्या आरोग्यसेविका आमच्या डोंगरातल्या लोकांच्या घरचं पाणी पीत नसत. अंगणात उभं राहून गोळ्या द्यायच्या आणि निघायच्या. बाई बेगडेवाडीच्या, बौद्ध घरातल्या. आपल्या हातचं पाणी कुणी नाकारलं की कसं वाटतं, हे त्यांच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

आमची वाडी पवन मावळात, बेडशाच्या लेण्यांच्या पलीकडच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. बाई लोकलने कामशेतला उतरायच्या, तिथून जीपने फाट्यापर्यंत आणि मग पाऊण तास चालत वर. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण ते कुणी घेत नसे. नुसतं 'बाई आल्या' म्हटलं तरी शाळेच्या गुरुजींच्या बायकोबद्दल बोलतोय असं कुणाला वाटत नसे.

बाईंचा खरा दवाखाना म्हणजे फळा. एकखोली शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर त्यांनी स्वतः काळा रंग मारून तो केला होता. दर सोमवारी त्या तिथे लिहायच्या: लस कुठल्या दिवशी, डॉक्टर कधी येणार, साप चावला तर काय करायचं. वाचता येणारे तेव्हा थोडेच, म्हणून शेजारी चित्र असे. झऱ्याचं पाणी बिघडलं की लाल खडूने मडकं काढायचं, त्यातून वर जाणाऱ्या वाफेच्या तीन वेटोळ्या रेघा आणि खाली 'उकळा'. पाणी ठीक झालं की मडकं पुसायचं. सरपण डोक्यावरून आणावं लागे, त्यामुळे रोज कोण पाणी उकळणार? फळ्यावर मडकं दिसलं की सगळी वाडी उकळायची, मडकं गेलं की चूल मोकळी. मी आयुष्यात वाचलेला पहिला शब्द 'उकळा' हाच.

लिहून झालं की बाई तिथे बसलेल्यांपैकी कुणाला तरी धरायच्या. "सांग बरं, काय समजलं?" तुमच्या शब्दांत सांगितल्याशिवाय सुटका नाही. एकदा जुलाबावरचं पाणी कसं करायचं ते त्यांनी सांगितलं आणि ठाकूरआबांना विचारलं. आबा म्हणाले, "साकर, मीट, पानी. त्यात थोडी दारू चालंल."

"आबा, मी दारूचं बोलले का?"

"नगं म्हनून बी बोल्ला न्हाई तुमी."

बाई पोट धरून हसल्या. मग उठल्या आणि फळ्यावर शेवटची ओळ वाढवली: 'दारू घालू नये.' आबांना म्हणाल्या, "बरं झालं बोललात. जे मी सांगत नाही ते लोक स्वतःच भरून घेतात." हे वाक्य मी तेव्हा गंमत म्हणून ऐकलं.

लसीकरणाच्या वेळी मोबाईलवर भलभलते व्हिडिओ फिरायला लागले. लस घेतली की मूल होत नाही, वगैरे. बाया घाबरल्या. बाईंनी कुणाशी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "मोबाईलवर कायपण येतं. फळ्यावर आलं तर खरं धरा, नाहीतर सोडून द्या." आणि आम्ही तसंच धरलं. दुसरं कुणी आमच्यापर्यंत चढून येऊन आमच्या भाषेत काही सांगतच नव्हतं.

माझ्यावर त्यांचे उपकार आहेत आणि ते मी विसरले नाही. दहावीनंतर वडील म्हणाले, पुरे झालं. बाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हिला पुढं पाठवलं नाहीत तर मी तुमच्या घरचं पाणी प्यायची बंद होईन." वडिलांना ते लागलं. लोणावळ्याच्या कॉलेजात माझा अर्ज भरायला बाई स्वतः रजा टाकून आल्या, दुपारपर्यंत रांगेत उभ्या राहिल्या. 'वडिलांचे शिक्षण' या रकान्यापाशी माझं पेन अडलं, तेव्हा म्हणाल्या, "लिही, निरक्षर. लाजायचं काय त्यात? खरं ते लिहायचं." आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. तिच्यावर माझं नाव आहे, पण ती निम्मी बाईंची.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असतानाची गोष्ट. माझी थोरली बहीण सुमनताई पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आली होती. तिचं सासर औंढ्याला. श्रावणाचे दिवस होते, वरच्या पठारावरचे नवे बंगले पावसाळी पाहुण्यांनी भरलेले. मी सुट्टीला घरी होते. बाई ताईला तपासायला आल्या, पिशवी ठेवली आणि पाणी मागितलं नाही. आईने आपणहून तांब्या पुढे केला.

"नको, आज उपास आहे," बाई म्हणाल्या.

आई हसली. "तुमी कवापास्नं उपास धराय लागला? एकादशीची खिचडी दिली तर म्हनायच्या, मला भाकरीच दे. आन् पान्याचाबी उपास?"

बाई कामाला लागल्या. ताईचं वजन, रक्तदाब पाहिला, पोटाला हात लावला. मग आईकडे न बघताच म्हणाल्या, "सुमनला आठ-दहा दिवस सासरी पाठवता का? इथं ओल फार आहे."

"काय बोलता बाई! सातव्यात आनलेली लेक बाळंत व्हायच्या आदी माघारी धाडत्यात व्हय कुटं? लोक म्हन्तील, आयला जड झाली."

"बरं," बाई म्हणाल्या. "जपा तिला."

बाहेर पडल्यावर उताराच्या पहिल्या वळणावर त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली आणि पाणी प्यायल्या. मी दारातून पाहिलं. आईनेही पाहिलं. ती तांब्या तसाच हातात धरून उभी होती. म्हणाली, "आता आपलं पानी बाईलाबी चालंना." त्या दिवशी आम्हांला एवढंच दुःख झालं. वाटलं, ही पण शेवटी आधीच्यांसारखीच निघाली.

पुढच्या सोमवारी फळ्यावर लसीचा वार होता, डॉक्टरांचा वार होता. मडकं नव्हतं. आम्ही झऱ्याचं पाणी भरलं आणि प्यायलो. ताईला बाईंनीच पूर्वी सांगितलं होतं, भरपूर पाणी पी. ती मन लावून प्यायची.

तिला आधी ताप आला, मग अन्नाचा वास सोसेना. मग एका सकाळी तिचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले. वाडीत आणखी दोघांना तेच. पोटुशी बाईला अशी कावीळ किती वाईट, हे आम्हांला ठाऊक नव्हतं. घोंगडीची झोळी करून तिला फाट्यापर्यंत उतरवलं, तिथून जीपने मोठ्या दवाखान्यात. ताई वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगा होता.

तिथल्या डॉक्टरांनी आईला विचारलं, "मावशी, पाणी उकळून पीत नव्हता का?"

आई म्हणाली, "फळ्यावर न्हवतं."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं. ती बाटली एकदम डोळ्यांपुढे आली.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या आरोग्य उपकेंद्रात गेले. बाई एकट्याच होत्या, नोंदवहीत काही लिहीत होत्या. मी विचारलं, "बाई, झऱ्याचं पाणी खराब आहे हे तुम्हांला माहीत होतं?"

त्यांना खोटं बोलता आलं असतं. नाही बोलल्या. खण उघडून एक कागद पुढे ठेवला. झऱ्याच्या पाण्याचा तपासणीचा अहवाल. ताईला तपासायला आल्या त्याच्या आदल्या दिवशी तो त्यांच्या हाती आला होता. वरच्या एका बंगल्याचा शौचखड्डा भरून त्याचा पाझर झऱ्याला लागला होता.

"वरून निरोप आला," बाई म्हणाल्या. "पुन्हा तपासणी होऊ दे, तोवर फळ्यावर काही नको. पाहुण्यांचा सीझन आहे, उगाच बोभाटा होईल. माझा करार याच महिन्यात संपतोय गं. तो वाढवायचा तर सही त्याच साहेबांची." मग हळू आवाजात, "मी रोज येऊन झऱ्याखालच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकत होते. वाटलं, तेवढ्याने भागेल."

"आम्ही टाकीचं पीत नाही. पावडरीचा वास येतो म्हणून वरच्या धारेचं भरतो. तुम्हांला ठाऊक आहे."

"हो."

"ताईला सासरी पाठवा म्हणालात."

"हो."

"ओल आहे म्हणालात. खरं कारण सांगितलं असतं, तर आईने तिला पाठीवर बांधून नेलं असतं. लोक काय म्हणतील ते म्हणू दिलं असतं."

त्यांनी कागद परत खणात ठेवला. मी म्हटलं, "नेहमी तुम्ही विचारता, काय समजलं. आज मीच सांगते. तुम्ही तुमचं पाणी घरून आणत होतात. मला एवढंच समजलं."

बाईंनी वही मिटली. त्या रडल्या असत्या तर मला थोडं सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार नव्हता, तरी त्या फळ्यापाशी आल्या. फळा पूर्ण पुसला. अख्ख्या फळ्यावर लाल मडकं काढलं आणि खाली लिहिलं: 'झऱ्याचे पाणी खराब आहे. हे मला तेरा दिवसांपूर्वी कळले होते. मी लिहिले नाही.' खाली पूर्ण नाव. लोक जमले. वाचून मी दाखवलं. ठाकूरआबांनी विचारलं, "तेरा दिस?" मी मान हलवली. ते घरी गेले. बाईंनी त्या दिवशी कुणालाच विचारलं नाही, काय समजलं.

फळ्याचा फोटो कुणीतरी खाली पोचवला. करार वाढला नाही. त्यांची नोकरी गेल्याचं ऐकून मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचाच राग आला. निरोप पाठवणाऱ्या साहेबांचा मला इतका राग कधीच आला नाही, बंगलेवाल्यांचाही नाही. त्यांच्याकडून आम्ही कधी काही मागितलंच नव्हतं. बाई आधीच्यांसारख्या अंगणात उभ्या राहणाऱ्या असत्या, तर आम्ही त्यांच्या फळ्याकडे बघितलंही नसतं. पाणी बिघडलंय असं वाटलं असतं तर आपल्या जिभेवर, आपल्या नाकावर विश्वास ठेवला असता. त्यांनी आम्हांला विश्वास ठेवायला शिकवलं आणि मग तेरा दिवस आमच्या विश्वासाकडे बघत बसल्या.

आज मी पुण्यात एका संस्थेत काम करते. डोंगरातल्या वाड्यांसाठी आरोग्याची पत्रकं, चित्रं, तक्ते तयार करणं हे माझं काम. कुठलंही चित्र छापायला देण्याआधी मी ते घेऊन एखाद्या वाडीत जाते, कुणातरी आजीसमोर धरते आणि विचारते, "सांगा बरं, काय समजलं?" आवाजही कधीकधी बाईंचाच येतो. दुसरी एक गोष्ट मी त्यांच्याकडूनच घेतली, पण ती त्यांनी शिकवलेली नाही. आमच्या वाड्यांमधला कुठलाही फळा मी कोरा राहू देत नाही. तपासणी झाली नसेल तर तसं लिहायला लावते. 'पाणी तपासायला दिले आहे, अजून कळलेले नाही, तोवर उकळा.' सोबतचे म्हणतात, असं लिहून लोक उगाच घाबरतील. मी म्हणते, घाबरू देत. घाबरलेली माणसं विचारतात तरी.

ताईला नंतर मुलगी झाली. त्या वेळी ती माहेरी आली नाही. आईनेही ये म्हटलं नाही. आईच औंढ्याला जाऊन तिथे राहिली दीड महिना.

बाई निघून जाण्याआधी एकदा आमच्या घरी आल्या होत्या. पिशवी नव्हती. नेहमीची जागा सोडून दाराजवळ बसल्या. इकडची तिकडची दोन वाक्यं झाली. त्यांनी पाणी मागितलं नाही. चढून आल्या होत्या, घाम आला होता, ओठ सुकले होते, तरी मागितलं नाही.

आई उठली. झाकलेल्या कळशीतून तांब्या भरला आणि त्यांच्यापुढे धरला. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, पण तोंडाला लावला नाही. पाण्याकडे नुसत्या बघत राहिल्या. आई त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"इतकी वर्सं आमच्यात पानी प्यालात," आई म्हणाली. "कसलं हाय, कुटनं आनलं, कदी इचारलं न्हाई तुमी. आताबी इचारू नगा. उकळल्यालं हाय, बाई. म्या आपनहून सांगते."