दुभाष्याने शिकवलेला शब्द

वाळ्याच्या ओल्या पडद्यांचा वास आला की स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांतले कलकत्त्याचे एक न्यायालय आठवते. चाळिशीत वकील झालेला, बुजरा मी त्या दिवशी नुसता दुभाषा होतो. मालकावर बलात्काराची फिर्याद करणारी मराठी मोलकरीण साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होती. बचावाच्या वकिलांनी विचारले, “शेजाऱ्यांनी मदतीची हाक ऐकली नाही, म्हणजे तुझी संमतीच होती ना?” मी ते मराठीत सांगितले. ती म्हणाली, “दादा, ‘सोडा, सोडा’ म्हणून घसा बसेतो ओरडले. त्यांना वाटलं, घरचं भांडण. मराठी कुणाला कळतंय इथं?” मी तिचे उत्तर शब्दशः पोचवले; त्यापलीकडे बोलण्याचा दुभाष्याला अधिकार नव्हता. ज्यूरीने मालकाला निर्दोष ठरवले. बाहेर व्हरांड्यात ती म्हणाली, “आता दुसरं घर धरायचं. ‘सोडा’ला बंगालीत काय म्हणतात, तेवढं शिकवा.” मी शिकवले, वकिलीच्या इतक्या वर्षांत याहून जड काम माझ्या वाट्याला आले नाही.