ओबेडच्या पियानोची मुकी पट्टी

ओबेड पर्व्हिस आठवडाभर शिकागोच्या खाटीकखान्यात डुकरं कापायचा आणि शनिवारी पियानो वाजवायचा. आमच्या साउथ साइड वस्तीत कुणाचं घरभाडं थकलं की घरची बाई डुकराचे पाय नि चवळी-भात शिजवायची, दारात पैशांसाठी टोपली ठेवायची आणि ओबेडला बोलावणं धाडायची; हीच आमची भाड्याची पार्टी. ओबेड येणार म्हटलं की जिनेसुद्धा माणसांनी भरायचे.

आल्या आल्या त्याचं पहिलं काम ठरलेलं. पियानोची डावी बाजू खोलीच्या कोपऱ्यात ढकलायची, म्हणजे डावा हात कुणाला दिसायला नको. बुगी, म्हणजे आमचं नाचायचं ब्लूज, वाजवणाऱ्याची सगळी अब्रू डाव्या हातात. उजव्या हाताने कुणीही चार करामती करतो. पण डावा खाली जो ठेका धरतो, त्यावरून जिन्यातल्या माणसाला कळतं, वर कोण बसलंय. ओबेडचा ठेका त्याने स्वतः बसवलेला, वर्षानुवर्षं घोटलेला. त्या कोपऱ्याचं त्याला वेडच होतं म्हणा ना.

घरी तो रविवारी दुपारी दार लावून सराव करायचा. जिवलग मित्र क्लीओफस आला तरी हात थांबायचा. घरच्या पियानोची खालच्या सुरांतली एक पट्टी मुकी झाली होती, दाबली की नुसती खट्. बायको आयडेला म्हणायची, "अरे, कुणाला तरी बोलावून नीट करून घे ना ती."

"कशाला? तिथे काय वाजतं ते मला ठाऊक आहे."

लोकांच्या पियानोवर तो सूर दणकून वाजायचा, घरी त्या जागी नुसता खड्डा. आयडेला चर्चमध्ये भजनं वाजवायची. ब्लूज म्हणजे सैतानाचं गाणं, असं म्हणत ती सरावाच्या वेळी स्वयंपाकघरात मक्याची भाकरी भाजत बसायची.

त्या वर्षी ईस्टरनंतर रेकॉर्ड कंपनीचा माणूस ओबेडला ऐकायला येणार होता. क्लीओफसनेच ते जुळवून दिलं होतं. तोही बरा वाजवायचा, पण ओबेडच्या पासंगाला पुरत नाही हे स्वतःच चारचौघांत सांगायचा. ओबेडला आयुष्यात एकच हवं होतं, आपला ठेका आपल्या नावाने तबकडीवर यावा.

ईस्टर आला नि गेला, माणूस काही आला नाही. मग एका संध्याकाळी ओबेड न्हाव्याकडे तोंडाला फेस लावून बसला होता, तेवढ्यात कुणीतरी ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकलं. वाजला तो त्याचाच ठेका.

"क्लीओफसची नवी तबकडी," न्हावी म्हणाला. "तुझ्या दोस्ताने नाव काढलं बघ."

ओबेडला आधी वाटलं, हरामखोराने पार्ट्यांत कान लावून चोरलं. मग ठेका त्या जागी आला आणि खाली सूरच नाही. परत फेरा, परत खड्डा. पार्टीत ऐकून शिकला असता तर क्लीओफसने तो सूर वाजवला असता. खड्ड्यासकट तो ठेका सगळ्या जगात एकाच घरात वाजत होता.

अर्धी दाढी तशीच ठेवून तो घरी गेला. आयडेला भेंडी चिरत होती.

"क्लीओफस या पियानोवर बसला होता?"

"बसला होता. मीच दाखवलं त्याला."

"तुला कुठे येतो माझा ठेका?"

"इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय. बहिरी समजलास मला?"

"तो घेऊन जाणार, हे माहीत होतं तुला?"

तिचा हात थांबला. "माहीत होतं. त्याने मला शेजारी बसवलं, ओबेड. म्हणाला, तुझा हात गोड आहे. तू जगापासून लपव हवं तर, पण मी खोलीत आले तरी तू हात उचलायचास. मी काय चोर होते?"

"नव्हतीस," ओबेड म्हणाला. "आता झालीस."

क्लीओफसचं त्याला एवढं लागलं नाही. लबाड निघाला, असतात लबाड. पण जिच्या हातचं खाल्लं, जिच्या कुशीत झोपला, तिनेच आतून कडी काढून दिली, याने तो माणूस पार मोडला. त्याचंही चुकलं होतं, कबूल. बायकोला परकं केलंन त्याने. म्हणून असं करायचं? तिच्यावरचा राग आमच्या गल्लीच्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढच्या शनिवारी मिस अर्लीनकडे भाड्याची पार्टी होती. ओबेड गेला. पियानो कोपऱ्यात ढकलायला त्याने सांगितलं नाही. आता लपवायचं काय? बसला आणि आपला ठेका धरला, सगळे सूर वाजवत, तो खालचाही. लोक नाचायला उठले आणि दुसऱ्याच फेऱ्यात अडखळले. मिस अर्लीन हातात डाव घेऊन आतून आली.

"ओबेड, बाबा, चुकतोयस तू. क्लीओफस तिथे थांबतो. तीच तर गंमत आहे त्यात."

सगळी खोली त्याच्याकडे बघत होती. सांगणार तरी काय? माझ्या घरची पट्टी मुकी आहे, आणि माझ्या बायकोने...

"बरं, मिस अर्लीन," तो म्हणाला.

पुढच्या फेऱ्यात त्या जागी त्याने बोट उचललं. "आता कसं," असं म्हणत ती चुलीकडे वळली, आणि लोक पुन्हा नाचू लागले. खाली जिन्यात नुकतंच कुणीतरी आलं होतं. त्याचा आवाज वरपर्यंत आला.

"क्लीओफस बसलाय वाटतं आज."