घानातल्या लेखिकेची आई

विड्या वळून आईची बोटं वाकडी झाली, तरी तिनं मला कधी विड्यांच्या सुपासमोर बसू दिलं नाही. शेजारच्या मावशी टोमणा मारायच्या, "पोरगी कलेक्टर होणार वाटतं?" आई म्हणायची, "वाचू दे तिला. वळायला मी हाय."

आज पेपरात घानातल्या एका कथालेखिकेचा पुरस्कार घेतानाचा फोटो पाहिला. शेजारी तिची आई, आयुष्यभर बाजारात मासे विकलेली. मी बातमी आईला वाचून दाखवली.

"पोरीला मासे विकायला नाही बसवलं?"

"नाही. लिहू दिलं."

आईनं पेपर जवळ ओढून फोटो पाहिला. "शहाणी बाई," म्हणाली.

एकीला लिहिता यावं म्हणून दुसरी दोघींचं काम करते, तेव्हा कुठे एक कथा होते.

मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली.