पाच प्रश्नांचा कागद

निवडणुकीआधी उमेदवार सोसायटीत येतो, चहा घेतो आणि कमिटीकडून पाठिंब्याचं पत्र मागतो, ही आमच्या कात्रजकडची रीत. गेल्या निवडणुकीतला उमेदवार पर्यावरणवाला होता. गच्चीवर सोलर, जिन्यात एलईडी दिवे, ओल्या कचऱ्याचं खत, सगळं पत्रकात हिरव्या अक्षरांत छापलेलं. पाठिंब्याच्या पत्रावर सेक्रेटरी म्हणून माझी सही लागणार होती. मला धास्ती होती रस्ता रुंदीकरणाची. फाटकाबाहेरच्या सहा झाडांवर लाल आकडे पडले होते. म्हणून मी पाच प्रश्न टाईप करून ठेवले.

"अहो मॅडम, साहेबांची परीक्षा घेताय का?" त्यांचा कार्यकर्ता म्हणाला.

"हो. पुस्तक उघडून लिहिलं तरी चालेल," मी म्हटलं.

उमेदवार हसले. फोनवर बोलता बोलताच त्यांनी प्रत्येक प्रश्नापुढे "हो" लिहिलं, खाली झोकात सही ठोकली आणि पुढच्या सोसायटीत गेले.

आमचे चेअरमन खूश झाले. "बघा, लेखी दिलं! आता तरी करा सही."

मी कागद त्यांच्यापुढे धरला. तिसरा प्रश्न होता, बाहेरची सहा झाडं ठेवणार की तोडणार? त्यापुढेही लिहिलं होतं, "हो".

चेअरमननी चष्मा पुसून दोनदा वाचलं. "घाईत झालं असेल हो."

"असेल. मग पाठिंबाही घाईत नको."

मी पत्र सहीविनाच फाईलला लावलं आणि झाडांसाठी हरकतीचा अर्ज लिहायला बसले.