दहा बायांचं टार्गेट

माझ्या सुनेनं नोकरी सोडली त्या दिवशी मी तिले जे जे बोलली ते सगळं इथं सांगत नाही. थोडी तरी इज्जत राहू द्या माझी. पण तुमीच सांगा, नागपूर विमानतळापाशी मिहान आहे न, तिथल्या कंपनीतली एसीतली नोकरी, घ्यायले गाडी दारापाशी येते, गळ्यात फोटोचं कार्ड, आणि ही बया डिसेंबर महिन्यात घरी येऊन म्हणते, "आई, मी राजीनामा दिला. बायाईले स्कूटी शिकवणार." मंग मी काय आरती ओवाळायची?

"डोकं ठिकाणावर आहे काय वं?" मी म्हटलं. "आता ग्राउंडवर लोकाईच्या बायाईमागं धावणार काय तू?"

"हव, धावणार," ती म्हणाली. दिपालीची हीच खोड आहे. भांडणच लागू देत नाही.

सात वर्षं तिनं त्या कंपनीत दुसऱ्याईच्या सुट्ट्या मंजूर केल्या, स्वतःले मात्र धड एक मिळाली नाही. हे मले माहीत होतं. पण शेजारपाजारी "आमची सून मिहानमधी" म्हणायची जी मजा आहे, ती "आमची सून ग्राउंडवर" म्हणण्यात नाही. आमचे हे, म्हणजे रुपराव, सिंचन खात्यातून रिटायर झालेले. त्याईच्या मते सरकारी सोडून बाकी सगळ्या नोकऱ्या सारख्याच, म्हणून ते पेपरातून वर पाहायलेही तयार नव्हते. माझा पोरगा जितेंद्र तेवढा मधात पडला. असं ठरलं का दिपालीनं मार्च संपेपर्यंत करून पाहावं. तिच्या साहेबानं तिची जागा एक एप्रिलपर्यंत खाली ठेवतो म्हटलं होतं. जमलं तर जमलं, नाही तर गुमान वापस.

दिपालीनं एक कागद घेतला आणि फ्रिजवर चिकटवला. "३१ मार्चपर्यंत दहा बाया, एकट्या, मोठ्या रोडवर." खाली दहा चौकोन. ग्राउंडात गोल गोल फिरणारी बाई मोजायची नाही, लायसन मिळालेलीही मोजायची नाही. लायसन तर आमच्या मनीषनगरात घरोघरी कपाटात पडून आहे. बाई एकटी घरून निघाली, रोडवर गेली, वापस आली, तर एक चौकोन भरणार. मी रोज फ्रिजमधून दूध काढता काढता तो कागद पाहायची आणि मनातल्या मनात म्हणायची, होत नाही हे.

पहिल्या आठवड्यात कोणीच आलं नाही. दोन सेकंडहँड स्कूट्या, चार हेल्मेट, आणि ग्राउंडात दिपाली एकटी. मंग जितेंद्र मले म्हणते, "आई, तू जाऊन उभी राहा न. एक बाई दिसली का दुसरी येईल." म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी मले दुकानातल्या बाहुलीसारखं उभं केलं. पंजाबी ड्रेस, वरून पांढरा सनकोट, तोंडाले स्कार्फ, डोळ्याले गॉगल. माझ्या मायनंही मले ओळखलं नसतं. पण दिपाली म्हणाली बसा, तर बसली. ती मागून धरून धावली, आणि एक दिवस मागं पाहतो तर ती दूर उभी राहून हासून राहिली होती. मी एकटीच चालवत होती! मी ओरडली, का ओरडली ते मले आजही सांगता येत नाही, आणि सरळ भिंतीकडं गेली. पण तीन आठवड्यात शिकली. लायसनही पहिल्याच फटक्यात आलं.

तोपर्यंत बाया येऊन राहिल्या होत्या. बँकवाल्याची नंदिनी आली, चौथ्या गल्लीतली जया आली, होता होता चौदा जणी झालो. सकाळी साडेसहा ते साडेसात क्लास. आणि क्लास झाला का ग्राउंडाच्या कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री-पोहे. आता खरं सांगतो, स्कूटीपेक्षा मले त्या पोह्याचंच वेड लागलं. तर्री एवढी तिखट का नाकातून पाणी यायचं, आणि त्या अर्ध्या तासात कोणी म्हणत नव्हतं, माझा टॉवेल कुठी आहे. कोणी चहा मागत नव्हतं. चौदा बाया स्टुलावर बसून ज्याची त्याची निंदा करून राहिल्या. स्वर्ग म्हणतात तो असाच असेल, फक्त तिथं कांदा देतात का नाही माहीत नाही.

मंग जयाचं झालं. जया सगळ्यात हुशार. जानेवारीतच ती एकटी वर्धा रोडवर जाऊन आली, दिपालीनं पहिला चौकोन भरला, आमी सगळ्याईनं टाळ्या वाजवल्या. आठ दिवसात जया क्लासले येणं बंद. रस्त्यात भेटली तेव्हा स्कूटीच्या पुढं सिलेंडरचं रेग्युलेटर, मागं पोट्टा, हँडलले दोन डबे.

"काहून वं, दिसत नाही?" मी विचारलं.

"कशी दिसणार ताई? नवऱ्यानं पोट्ट्याईची व्हॅन बंद केली. आता दोघाईले दोन शाळेत मीच सोडतो. सासऱ्याले मालीशवाल्याकडं मीच नेतो. भाजी, दळण, लाईटचं बिल, नणंदेले बसस्टँडवर. म्हणतात, तुले आता येते न!" आणि हॉर्न वाजवून गेली बिचारी.

हे मी ठेल्यावर सांगतलं. नंदिनीनं चमचा खाली ठेवला. आमच्यातल्या हरेक बाईच्या घरी एक नवरा वाट पाहून बसला होता का ही कधी शिकते आणि कधी मी सुटतो. फॉर्मवर "शिकण्याचं कारण" असा रकाना होता, त्यात बहुतेक सगळ्याईनं "मुलांना शाळेत सोडणे" लिहिलं होतं. ते लिहिल्याशिवाय घरून फीच मिळाली नसती.

"घाई कायची आहे?" मी म्हटलं. "हळूहळू शिकू."

बस. त्या दिवसापासून आमचे हात कापायले लागले.

मी सांगतो, नाटकात कामं करायले पाहिजे होती आमी. नंदिनी वळण आलं का "बाप्पा!" म्हणून दोन्ही पाय जमिनीवर टेकवायची. कोणाले हॉर्न ऐकून चक्कर यायची, कोणाले पुलावर चढलं का छातीत धडधड. मी तर एक दिवस उभ्या गाईले पाहून स्कूटी आडवी केली. गाय बिचारी घाबरून पळाली. लायसन सगळ्याईकडं, ग्राउंडात सगळ्या वाघिणी, पण रोडवर एकटं जा म्हटलं का रामराम. दोन नवीन पोट्ट्या होत्या, त्याईले आमचा कट माहीत नव्हता, त्या जाऊन आल्या. फ्रिजवर तीन चौकोन भरले आणि तिथंच थांबले.

दिपालीनं काय नाही केलं! विटा मांडून वळणं शिकवली. एकेकीच्या मागं दुसऱ्या स्कूटीवर बसून चौकापर्यंत आली. भीती कशी घालवायची त्याचे व्हिडिओ पाहून पाहून माझं डोकं खाल्लं. मी मान डोलवायची आणि म्हणायची, "आमची जुनी खोडं, बाई, वेळ लागते." निर्लज्ज म्हणा मले, म्हणा. मी ऐकून घेतो.

मार्चचे चौदा दिवस गेले होते. मी स्वयंपाकघरात लसूण सोलत होती, आणि ही दोघं बाजूच्या खोलीत बोलून राहिली होती. दिपाली म्हणाली, "मले शिकवताच येत नाही, जितू. गाडी चालवणं शिकवते मी, पण हिंमत देता येत नाही मले. लोकाईचे पैसे कायले घ्यायचे? सोमवारी साहेबाले फोन करून टाकते, येते म्हणून."

आता पाहा, मी जिंकली होती. डिसेंबरात हेच वाक्य ऐकायले मी नवस बोलली असती. पण लसणाची पाकळी हातातच राहिली. पोट्टी स्वतःलेच कामातून गेलेली समजून राहिली होती, आणि तिले तसं करणारी मी होती. दुसरं कोणी नाही, मी. अशी लाज मले लग्न झाल्यावर पहिल्यांदा भाजी करपली तेव्हाही नव्हती वाटली.

दुसऱ्या दिवशी ग्राउंडात सगळ्याईसमोर मी सांगून टाकलं. "आमाले सगळ्याईले येते स्कूटी. हात कोणाचाच कापत नाही. माझी आयडिया होती."

मले वाटलं ती चिडेल, ओरडेल, चार शब्द ऐकवेल. तिनं हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. मंग म्हणाली, "आई, मी रात्र रात्र झोपली नाही. तुमी माझ्या पोटावर पाय देऊन पोहे खाऊन राहिल्या होत्या?" आणि दोन्ही स्कूट्यांच्या चाव्या घेऊन घरी निघून गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चहा करायची, पण माझ्यापुढं कप ठेवायची नाही. मी माझा माझा गाळून घेतला, काय करता!

तिसऱ्या दिवशी साडेसहाले ती परत ग्राउंडात हजर. आमी सगळ्या शाळेतल्या पोट्ट्यांसारख्या मान खाली घालून उभ्या. तिनं आमचे फॉर्म आणले होते, आणि हरेक फॉर्मवरचा "शिकण्याचं कारण" हा रकाना लाल पेनानं खोडला होता.

"माझं टार्गेटच चुकलं होतं," ती म्हणाली. "एकटी रोडवर जा म्हटलं मी, कुठी जा ते विचारलंच नाही. आता हरेकीनं जागा सांगायची. तिथं घरचं काम नको. शाळा नाही, बाजार नाही, बँक नाही, औषध नाही. काम करून आली तर चौकोन भरणार नाही. आणि घरी गेल्यावर कोणी दळण हाती दिलं, तर तो तुमचा प्रश्न. मी स्कूटी शिकवते. नवऱ्याले नाही म्हणणं तुमचं तुमी शिका."

"मंदिर चालते काय वं?" मी हळूच विचारलं.

"प्रसाद घरी आणाल?"

"आणावाच लागते न."

"मंग नाही." आणि ती माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमी पहिले जायचं आई. कट तुमचा होता. तुमी गेल्या तर ह्या जातील. तुमी नाही गेल्या तर मी एक तारखेपासून कंपनीत."

म्हणजे आली का नाही गाडी माझ्यावरच! मी म्हटलं, ठीक आहे, सांगतो जागा. आणि देवाशप्पथ, चार दिवस मले जागा सुचली नाही. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, या नागपुरात चाळीस वर्षं काढली, आणि मले एकही जागा आठवेना जिथं मी फक्त माझ्यासाठी जाईन. नणंदेचं घर आठवलं, तर तिथं पापड पोचवायचे होते. बाग आठवली, तर जितूच्या पोट्ट्याले, माझ्या नातवाले, झोक्यावर न्यायचं आठवलं. मले स्वतःचाच भारी राग आला.

मंग पोळ्या लाटता लाटता यमी आठवली. कामठीची यमुताई. काटोलकडच्या एका गावात आमी दोघी एका बाकावर बसलो, एका विहिरीत पोहायले शिकलो. तिचं लग्न कामठीले झालं, यंत्रमागवाल्याकडं. आमच्या घरापासून पंचवीसेक किलोमीटर, आणि मी अकरा वर्षांत तिच्या घरी गेली नव्हती. "रविवारी नेतो," असं हे दर रविवारी म्हणायचे. मीही काही म्हटलं नाही. लग्नाकार्यात भेटायचो, दोघी आपापल्या घरच्या लोकाईच्या ताटावर नजर ठेवून.

सव्वीस तारखेले सकाळी नऊले मी निघाली. आमचे हे पेपरातून वर पाहून म्हणतात, "जाऊनच राहिली तर येता येता गव्हाचं दळण घेऊन ये."

"नाही," मी म्हटलं.

"आं?"

"आज नाही, उद्याही नाही. चक्की समोर आहे, पाय तुमाले आहेत." आणि हेल्मेट घातलं. मागं वळून पाहिलं नाही, नाही तर त्याईचं तोंड पाहून मी स्वतःच डबा उचलला असता. चाळीस वर्षांची सवय आहे, एका दिवसात कुठी जाते?

आता गंमत ऐका. दोन महिने मी खोटी खोटी भेली होती. वर्धा रोडवर आली, बाजूनं बस गेली, आणि खरंच हात कापायले लागले! माय वं, म्हटलं, आता मर. सीताबर्डीच्या चौकात सिग्नल लागला तेव्हा वाटलं स्कूटी इथंच सोडावी आणि ऑटो करावी. मागचे हॉर्न वाजवून राहिले. एका भाऊनं तर "काकी, घरी जा न!" असं म्हटलं. मी म्हटलं, "तूच जा न बे!" आणि निघाली. कडबी चौक गेला, इंदोरा गेला, ऑटोमोटिव्ह चौक गेला. कामठी आली तेव्हा मले घामानं आंघोळ झाली होती, आणि मी मोठ्यानं काहीतरी गाऊन राहिली होती.

यमीनं दार उघडलं. मी स्कार्फ काढला तरी तिले ओळखायले मिनिटभर लागलं. मंग तिनं माझ्या मागं गल्लीत पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"कोणासंगं आली वं?"

"कोणाचसंगं नाही."

तिनं परत पाहिलं. "खरंच?" आणि मंग तिनं मले असं धरलं का माझं हेल्मेट तिच्या पायावर पडलं. दोघी रडलो आणि दोघी तिले लागलं म्हणून हासलो.

दिपालीनं पोचल्यावर फोटो पाठवायले सांगतलं होतं. यमीच्या पोरीनं आमचा फोटो काढला, मी पाठवायले मोबाईल उघडला, तर तिचाच मेसेज येऊन पडला होता. "आई, साहेबाले फोन केला. येत नाही म्हणून सांगतलं. जागा देऊन टाका म्हटलं."

मी मेसेज आल्याची वेळ पाहिली. नऊ वाजून चार मिनिटं. मी तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडावरही पोचली नव्हती. मी चौकातून वापस आली असती, कुठी पडली असती, भिऊन ऑटोत बसली असती, तर ती गेली होती कामातून. सात वर्षांची नोकरी त्या पोट्टीनं माझ्यावर सोडून दिली, जिनं दोन महिने तिले उल्लू बनवलं तिच्यावर. एवढा भरवसा माझ्यावर आजवर कोणीच ठेवला नव्हता, मी पण नाही.